नकाशावर घर दाखवा

"नकाशावर तुमचं घर दाखवा," अध्यक्षसाहेब म्हणाले आणि पट्टीबाईंच्या कपाळाला आठी पडली. झालं, सुरू!

अल्पसंख्य समाजातल्या, नगररचना शिकणाऱ्या मुलांना शिष्यवृत्ती द्यायची, तर पहिला प्रश्न हाच. दरवर्षी. भिंतीवरच्या नकाशात नदीपलीकडची वस्ती बोटं लागून लागून काळी पडली होती. घर दाखवलं की दुसरा प्रश्न, तिथे अडचणी काय? मग मुलांनी तुंबलेल्या गटारांचा पाढा वाचायचा आणि साहेबांनी हळहळायचं. पट्टीबाई त्याच वस्तीतल्या. महापालिकेत नकाशे काढता काढता केस पिकले, हातात सदा पट्टी, म्हणून हे नाव. निवड समितीत त्या समाजाचं एक माणूस हवं, त्याच्या सहीशिवाय यादी पुढे सरकत नाही, असा नियम होता. म्हणून बाईंची ही खोगीरभरती.

समोरच्या मुलीने वस्तीवर बोट ठेवलं आणि लगेच नदीवर आणलं.

"घर तिथे. पण मला काम इथे करायचंय. पूल एकच आहे, सकाळी सगळं शहर त्यावर अडकतं. दुसरा कुठे बांधावा, ते शोधायचंय."

"छान, छान. पण वस्तीसाठी काय करणार?"

"वस्तीतली माणसंही पुलावरूनच जातात ना, सर."

पट्टीबाईंना हसू आलं. साहेबांना नाही आलं. मुलगी बाहेर गेल्यावर त्यांनी यादीत तिच्या नावापुढे लिहिलं, 'स्वतःच्या वस्तीवर प्रकल्प करण्याच्या अटीवर मंजूर.'

"पुलाचं बघायला बाकीची मुलं आहेत की. बाई, तुम्ही समजावा तिला. तुमचं ऐकेल."

तुमचं ऐकेल म्हणे! पट्टीबाई चरफडत उठल्या.

मुलगी बाहेर बाकावर बसली होती. शिष्यवृत्ती नाही मिळाली तर कॉलेज बंद, हे तिने अर्जातच लिहिलं होतं. बाईंनी तिला अट सांगितली.

"चालेल. गटारांचं करते. पूल नंतर बघू."

"अगं, भांड की जरा."

"भांडून काय होणार, बाई? तुम्ही कशावर काम केलंत?"

"आपल्या वस्तीवर. मला बसस्थानकं काढायची होती. पण वस्तीची फाइल आली की सगळे म्हणायचे, बाईंकडे द्या, त्यांना तिथलं माहितीये. मीही म्हटलं, बसस्थानकं नंतर काढू."

"मग काढलीत?"

पट्टीबाईंना असा राग आला, की नेमका कुणाचा तेही कळेना. एक साधं बसस्थानक हातून झालं नव्हतं आणि आता निवृत्ती दाराशी आली होती. त्या तशाच आत गेल्या.

"काय म्हणाली?" साहेबांनी विचारलं.

"तयार आहे."

"बघा, म्हटलं नव्हतं? करा सही."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"ती तयार आहे. मी नाही. ती ओळ खोडा."

"अहो, यादी आज जायचीय."

"मग लवकर खोडा."

साहेबांनी इतर सभासदांकडे पाहिलं. सगळे आपापले कागद चाळू लागले. पट्टीबाई खुर्चीत नीट सरकून बसल्या. आज त्यांना घरी जायची मुळीच घाई नव्हती.