बंद व्हॉल्व्हमागचा चिखल

मी बोलतोय, बोनेटखालून. इंजिनाच्या माथ्यावर ॲल्युमिनियमचं जाड झाकण असतं, गॅरेजवाले त्याला नुसतं ‘हेड’ म्हणतात, तो मी. हवा आणि पेट्रोल माझ्यातून आत जातं, धूर माझ्यातूनच बाहेर पडतो. गाडीचा श्वास म्हणाल तर तो माझा.

कुठल्याशा लांबच्या कारखान्यात मला ओतलं. ते फारसं आठवत नाही. आठवतं ते पोलादपूरकडचं उमरठ आणि महिपती. गाडी त्याने जुनीच घेतली होती. भाड्याने माणसं न्यायचा. कुणाला तालुक्याला, कुणाला महाडच्या दवाखान्यात. चढ लागला की माझ्याशी बोलायचा, “चल रे चल. वर गेल्यावर पाणी पाजतो.” आणि खरंच वर थांबून, मी निवेपर्यंत तंबाखू मळत उभा राहायचा.

एकवीस सालच्या जुलैत तो शेजारच्या ठमाबाईंना घेऊन महाडला गेला. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. पाऊस वाढला, रस्ता बंद झाला, मुक्काम करावा लागला. उजाडलं तेव्हा सावित्री नदीचं पाणी गल्लीत शिरलेलं. महिपतीने ठमाबाईंना उचलून एका इमारतीच्या जिन्यावर नेऊन ठेवलं. तिथून त्या ओरडल्या, “अरे, माजी औषधाची पिशवी गाडीत ऱ्हायली रे!”

तो परत आला. पाणी त्याच्या कमरेला होतं आणि माझ्यातही शिरू लागलं होतं. पिशवी काढून त्याने गळ्यात अडकवली, तेवढ्यात गाडीची चाकं जमिनीवरून सुटली. तो बोनेटला धरून राहिला. त्याच्या हाताचा दाब मला कळत होता. मग कळेनासा झाला.

पाणी ओसरल्यावर गाडी एका भिंतीला टेकलेली सापडली. महिपती सापडला नाही.

त्याचा मुलगा राजेश मुंबईहून आला. आतले दट्टे, म्हणजे पिस्टन, गंजून अडकू नयेत म्हणून त्याच्या मित्राने प्लग काढून इंजिनात तेल ओतलं. गाडी ओढत उमरठला आणली, अंगणात लावली, वर ताडपत्री टाकली. पुढे कुणी हात लावला नाही.

“त्या गाडीत महिपती बसतो,” असं कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच म्हणू लागले. ठमाबाई तर पाण्याला मागच्या वाटेने जायच्या. गाडीत बसायची ती खरं तर बनुबाई, महिपतीची बायको. दुपारची कामं उरकली की ताडपत्री उचलून आत यायची आणि मोकळ्या सीटकडे बघून सगळं सांगायची. भात लावून झाला. राजेशच्या पोराला दात आले. तिने मंगळसूत्र उतरवलं नव्हतं, भिंतीवर फोटो लावू दिला नव्हता, दिवसही घालू दिले नव्हते.

पण गाडीत दुसरं कुणीच नव्हतं, हे मी तरी कसं सांगू? माझ्या बंद व्हॉल्व्हच्या मागे, हवा यायच्या वाटेत, नदीचा चिखल अडकून वाळला होता. वारा सुटला की त्या वाटेतून हुंकार यायचा. तो वाऱ्याचाच होता, असं मी स्वतःला सांगत आलो.

यंदा महिपतीची मुलगी रेश्मा पनवेलची नोकरी सुटून घरी आली. गाडी चालू करून भाडी मारायची, असं तिने ठरवलं. राजेश फोनवर म्हणाला, “भंगारात दे. गॅरेजवाला नवीन इंजिन टाका म्हणतोय. परवडणार हाय का आपल्याला?”

“नवीन नको. हेड मीच खोलते घरी.”

मोबाइलवर बघत बघत तिने माझे बोल्ट कडेपासून मध्यापर्यंत थोडेथोडे सैल केले. एकदम सोडले असते तर मी वाकलो असतो. एक बोल्ट हलेना, तेव्हा पान्याला पाइप लावून ती त्यावर लोंबकळली आणि रडलीही. मग मला पडवीत पोत्यावर ठेवलं, स्प्रिंगा दाबून व्हॉल्व्ह काढले. आतला चिखल कोरायला तिने स्क्रूड्रायव्हर घातला. बनुबाई जवळच तांदूळ निवडत होती.

“थांब! तो टाकू नको गो.”

“आये, चिखल हाय तो.”

“त्याच पाण्यात होते ना ते?”

रेश्माने हत्यार खाली ठेवलं. काम तिथेच राहिलं. मी पोत्यावर उघडा पडून होतो. माय-लेकी माझ्या बाजूने जायच्या-यायच्या, पण माझ्याकडे बघायच्या नाहीत.

मग एका सकाळी बनुबाई स्वतः येऊन बसली. स्क्रूड्रायव्हर घेऊन तिने चिखल वाटीत उतरवला. “सगळा काढ,” ती लेकीला म्हणाली, “जरा पण ठेवू नको. कोंडल्यासारखं होत असंल त्यांना आत.”

राजेशला बोलावलं. देह सापडला नाही की करतात तसा दर्भाचा पुतळा केला, त्याच्या छातीवर तो चिखल ठेवला आणि नदीकाठी अग्नी दिला. बनुबाईने मंगळसूत्र उतरवलं. आता सुटली बाई, असं गावाला वाटलं.

रेश्मा पुन्हा कामाला लागली. मला डिझेलमध्ये धुतलं. जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून माझं तोंड सपाट घासलं. व्हॉल्व्हना घासायची पेस्ट लावून, त्यांना अडकवलेली काठी तळव्यांत रवीसारखी फिरवून ते बसवले. डिझेल ओतून बघितलं, एक गळत होता. तो पुन्हा घासला. मग मला परत इंजिनावर कसलं. माझ्यात नवं म्हणाल तर गॅस्केट आणि सीलं, बाकी सगळं जुनंच.

एका दुपारी तिने किल्ली फिरवली. मी खोकलो, पांढरा धूर सोडला, आणि इंजिन चालू झालं.

घरातून बनुबाईचा आवाज आला, “आलात काय वो? हातपाय धुवा, वाढते.”

रेश्माने घाबरून गाडी बंद केली. बनुबाई दारात आली. हात पिठाने भरलेले. सीटवर लेक होती. बनुबाईने हातांचं पीठ पदराला पुसलं.

“बंद का केलीस गो? ऱ्हाऊ दे की जरा.”

रेश्माने पुन्हा किल्ली फिरवली. बनुबाई पायरीवर बसली. आत तव्यावर भाकरी करपली तरी उठली नाही.

आता मी रोज धावतो. तुम्ही कधी आमच्या गाडीत बसलात, आणि अंगणातून एखाद्या बाईने “ते आले काय?” असं विचारलं, तर कृपा करून तिला काही समजावू नका. रेश्मा समजावत नाही. गाडी बंद करायला ती किल्लीला हात लावत नाही, आणि मी आपला थोडा वेळ चालू राहतो.