तळघरातली शेगडी

आईला व्हिसा नाकारला आणि कांचनचं बाळंतपण अमेरिकेत, ॲन आर्बरच्या भाड्याच्या घरात एकटीचंच झालं. नवरा, श्रीरंग, सकाळी सातलाच लॅबला जायचा. बाहेर गुडघाभर बर्फ. आईची माया यायची ती पत्रातून, वीस दिवसांनी. 'शेक चुकवू नकोस. पाणी घोटभरच, तेही उकळलेलं. तरच दूध टिकेल.'

शेक द्यायला इथे कोण होतं? श्रीरंगलाच सुचलं. मूळ मालकाने, एका फिनिश म्हाताऱ्याने, तळघरात लाकडी सौना, म्हणजे अंग शेकायची बंद तापती खोली, बांधला होता. "घे, खोलीएवढी शेगडी मिळाली तुला!" तो हसत म्हणाला.

दारावर म्हाताऱ्याच्या अक्षरातला कागद होता. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. एकट्याने जाऊ नये. आधी आणि नंतर भरपूर पाणी प्यावं.

'भरपूर पाणी! यांना काय कळतंय बाळंतिणीतलं,' कांचन मनात म्हणाली.

तीन आठवड्यांची दीपा दुपारी झोपली की अंगाला तेल चोळून, कानाला रुमाल बांधून ती खाली जायची. लाकडी बाकावर डोळे मिटले की वाटायचं, खाटेखाली निखारे आहेत आणि आई पायाशी बसलीय. त्या ओढीने अर्धा तास व्हायचा. दूध मात्र कमी होत चाललं. दीपा ओढून ओढून रडायची. दूध कमी म्हणजे शेकच कमी पडतोय, असं समजून कांचन पाऊण तास बसू लागली.

एका दुपारी वरून रडणं ऐकू आलं. ती झटकन उठली आणि डोळ्यांपुढे काळोख आला. दार बाहेर उघडणारं होतं, म्हणून ती त्याच्यासकट बाहेर कोसळली. आळिवाचे लाडू घेऊन आलेल्या मालिनीमावशींना ती तिथेच सापडली. मावशी नात्यातल्या नव्हत्या, ओळखीच्या; गावातल्याच इस्पितळात डॉक्टर.

"किती वेळ बसली होतीस?"

"पाऊण तास."

"आणि पाणी?"

"सकाळी अर्धा कप. आईने सांगितलंय..."

"अगं बाई माझे! आईने चार निखाऱ्यांचा शेक सांगितला. ही भट्टी आहे भट्टी! अंगात पाण्याचा थेंब नाही, दूध येणार कुठून?"

मावशींनी तिला चमच्या-चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजलं. मग पोरीला तोललं. जन्माच्या वेळेपेक्षाही वजन कमी भरलं. मावशींनी पुन्हा तोललं, आकडा तोच.

डब्याच्या दुधाची बाटली आली. कांचन तांब्या-तांब्याने पाणी प्यायली, दर दोन तासांनी दीपाला छातीशी धरलं. पोर दोन घोट ओढायची, तोंड सोडायची आणि बाटलीकडे वळायची. दहा दिवसांनी मावशी म्हणाल्या, "पुरे आता, राणी. बाटलीवर पोर वाढतेय ना?"

पोर वाढत होती.

आईचं नवं पत्र आलं. 'शेक चालू आहे ना? दूध पुरतंय ना?' दीपाला मांडीवर घेऊन कांचन उत्तर लिहायला बसली. खरं लिहिलं तर आई आयुष्यभर स्वतःला दोष देईल. तिने लिहिलं, 'शेक रोज घेते. दूध भरपूर आहे.'

दीपा जागी झाली. कांचनने पदर सारला. पण पोरीने पदराकडे तोंड वळवलंच नाही. ती टेबलावरच्या बाटलीकडे बघून हात हलवू लागली.