भिंतीपलीकडचा फोन

माझ्या नातवाचं कपाळ मी चार दिवसांत नऊ वेळा पाहिलं. माझ्या लेकीनं, रीतानं, अमेरिकेहून त्याचा फोटो ई-मेलनं पाठवला होता आणि आमच्या कारंज्यात तो कॉम्प्युटरवर वरून खाली, इंच इंच उतरायचा. कपाळ, भुवया, फार झालं तर डोळे, की कनेक्शन तुटलंच. पुन्हा मोडेमची ती किरकिर, पुन्हा कपाळ.

२००२ साल होतं. इंटरनेट टेलिफोनच्या लाइनवरून चालायचं आणि ते सुरू असेपर्यंत बाहेरून फोन लागत नसे. मी वायर बदलली, मोडेम पुसलं, कॉम्प्युटरवाल्याला शिव्या घातल्या. शेवटी लाइनमन पुंडलिकरावांना धरून आणलं.

"मधुकरराव, लाइन एकदम साफ हाय," ते म्हणाले. "पन हे पॅरलल कोनाच्या घरात गेलं जी? तिकडं कोनी रिसीव्हर उचललं की तुमचं इंटरनेट तुटनारच."

ते नानाजीच्या घरात गेलं होतं. नानाजी माझा शाळेपासूनचा दोस्त आणि शेजारी. चौऱ्याण्णव साली माझ्याकडे फोन आला तेव्हा मीच भिंतीला भोक पाडून त्याच्याकडे वायर नेली; नंबर एक, फोन दोन. "त्या लोकांच्या घरी कशाला?" म्हणून आमच्या भावकीनं नाकं मुरडली, तर मी त्यांनाच चार गोष्टी सुनावल्या. त्याचा मला फार अभिमान होता.

रिसीव्हर कोण उचलतं हे मला ठाऊक होतं. नानाजी आठ दिवसांपासून वर्ध्याच्या दवाखान्यात होता, मुलगा अश्वजित त्याच्याजवळ. घरी सुलोचनावहिनी एकट्या, गुडघ्यांनी बेजार. जास्त झालं तर फोन करतो, लगेच बसनं ये, असं अश्वजितनं त्यांना सांगून ठेवलं होतं. म्हणून त्या दर दहा मिनिटांनी रिसीव्हर कानाला लावून फोन चालू आहे की नाही ते पाहायच्या.

अर्धा तास उचलू नका, असं सांगता आलं असतं. पण नवरा दवाखान्यात असलेल्या बाईला नातवाच्या फोटोसाठी हे कोणत्या तोंडानं सांगायचं? दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी गुपचूप त्यांची वायर काढून ठेवली. अर्ध्या तासाचा तर प्रश्न, म्हटलं.

फोटो पूर्ण उतरला. नाक थेट माझं. मी हरखून गेलो. मग रीताचा दुसरा मेल दिसला, त्यात आणखी पाच फोटो होते.

एक वाजता सुलोचनावहिनी भिंत धरत धरत आल्या.

"भाऊजी, फोन मुका झाला जी. अश्वजितनं बोलावलं त दीडच्या बसनं निघा लागन मले. तुमचा चालू हाय का?"

स्क्रीनवर बाळाची मूठ उतरत होती.

"लाइनच बिघडली वहिनी. तेच पाहून राह्यलो."

"बरं. पाहा बापा," म्हणत त्या परत गेल्या. कॉम्प्युटरमधलं त्यांना काही कळत नव्हतं, याचा मी फायदा घेतला.

सगळे फोटो पाहून, रीताला लांबलचक उत्तर लिहून साडेपाचला वायर जोडली. पाच मिनिटांत फोन वाजला. मीच आधी उचलला.

"काका, साडेबारापासून लावून राह्यलो. सारखा एंगेज." अश्वजितचा आवाज बसला होता. "बाबा आईले विचारत होते. आली का, आली का. पाच वाजता गेले."

त्यानं 'काका' म्हणतानाच पलीकडे रिसीव्हर उचलल्याचा खट्ट आवाज आला होता. वहिनी ऐकत होत्या.

नानाजीच्या पुण्यानुमोदनाच्या बुद्धवंदनेला मी गेलो. वहिनींनी मला सगळ्यांच्या पुढे बसवलं. त्यांच्या नणंदेनं विचारलं, एवढ्या जवळ असून तू पोचली काऊन नाई?

"लाइन बिघडली होती न बाई," वहिनी म्हणाल्या. "भाऊजी बिचारे दिवसभर तेच करून राह्यले होते. होय न भाऊजी?"

सगळे माझ्याकडे पाहत होते.

"हो," मी म्हणालो.