बोट नव्हे, पाओपाओ!

मित्रांनो, मला नुसती बोट म्हणू नका. मी एक जुनी पाओपाओ आहे, सामोआच्या सवाई बेटावरची. एका माणसापुरतीच जागा आहे माझ्यात. पेनिआमिना सुतारांनी निरफणसाच्या एकाच खोडातून मला कोरून काढले आणि कलंडू नये म्हणून बाजूला एक तरंगता दांडा बांधला. मी पहिल्यांदा पाण्यात उतरले तेव्हा माझे मालक इआकोपो इतके हरखले, की वल्हे घरीच विसरून आले!

किनाऱ्यावर माझ्या शेजारी एक लांबलचक होडी, सोआताउ, असे. ती चार-पाच माणसांना घेऊन खोल समुद्रात जाई. मी मात्र प्रवाळाच्या बांधाच्या आत, उथळ पाण्यातच फिरे. मग खोल समुद्रात दूरवर जाणाऱ्या, इंजिनाच्या, पत्र्याच्या होड्या आल्या; त्यांना आलिया म्हणत. सोआताउ कुजून गेली. तरणी मंडळी सगळ्यांनाच सरसकट ‘बोट’ म्हणू लागली. मला जरा वाईट वाटे, पण मासे मिळत होते, मग कशाला कुरकुरा?

एका शनिवारी सकाळी डोंगराकडून सोसाट्याचा वारा सुटला. दांड्याची दोरी तटकन तुटली आणि मी उलटी झाले! इआकोपो पाण्यात! त्यांनी माझ्या पाठीला मिठी मारली. वाऱ्याने आम्हाला ढकलत ढकलत बांधातल्या खिंडीतून थेट बाहेर नेले. काय त्या लाटा! एक ओसरते न ओसरते तोच दुसरी अंगावर!

“बुडू नकोस गं बाई,” इआकोपो म्हणाले, “मी काही तुला सोडत नाही!”

इकडे गावात काय झाले, ते त्यांच्या बायकोने, फुआतिनोने, मला नंतर शंभरदा तरी सांगितले आहे. दुपारी पुतण्या लांगीने शोधपथकाला फोन केला, “काकांची मासेमारीची बोट परत आली नाही.” बोट म्हटल्यावर पथकाला वाटले, आलियाच असणार. त्यांनी लाँच दूर खोल समुद्राकडे पिटाळली. तेवढ्यात फुआतिनो धावत आली आणि तिने फोन हिसकावून घेतला.

“बाई, इंजिन कुठलं आहे बोटीला?” पलीकडच्या तरुण अधिकाऱ्याने विचारले.

“इंजिन? त्यांचे दोन हात आणि एक वल्हं!”

“मग बोट आहे तरी कसली?”

“बोट नाही रे बाबा! पाओपाओ! पाओपाओ!”

“ते काय असतं?”

“तुझ्या आजीला विचार!”

आजी काही तिथे नव्हती. पण त्या भल्या माणसाने तो शब्द जसाच्या तसा लाँचवर कळवला. लाँचचे म्हातारे कप्तान तावितो उभेच राहिले.

“पाओपाओ? अरे, मग इथे काय शोधतोय आपण! ती बांधाबाहेर येतच नाही कधी. आज आली असेल तर या वाऱ्यानं, खिंडीतून. फिरवा लाँच! जोरात!”

इआकोपोंची बोटे बधिर झाली होती, माझ्या पाठीवरून एकेक निसटत होती. आणि तेवढ्यात लाँचचा भोंगा ऐकू आला!

“आधी हिला दोरी बांधा,” इआकोपो पुटपुटले.

“म्हातारबा, आधी तुम्ही वर या,” तावितो ओरडले. “नाहीतर तुमची बायको फोनमधून येऊन आम्हाला खाईल!”

मग मलाही दोरी बांधली. सूर्य मावळायच्या आत आम्ही दोघे किनाऱ्याला लागलो. फुआतिनो हसत होती, रडत होती आणि नवऱ्यावर ओरडतही होती, सगळे एकदमच.

पुढच्या शनिवारी तो तरुण अधिकारी मला बघायला आला. फुआतिनोने त्याला माझ्यात बसवले. चार हात गेला नाही तोच धप्पकन पाण्यात! सारा गाव पोट धरून हसला. मग तो ओलाचिंब होऊन वाळूत बसला आणि म्हाताऱ्यांना एकेका होडीचे नाव विचारून लिहून घेऊ लागला. आता कुणाचाही फोन आला की त्याचा पहिला प्रश्न असतो, “कोणती?”

मित्रांनो, तुमच्याही किनाऱ्यावर होडी आहे, मचवा आहे, पडाव आहे. त्यांतली कुठली कुठवर जाते, ते तुमच्या आजोबांना आजच विचारून ठेवा. माणूस पाण्यात पडल्यावर विचारायला वेळ नसतो.