पिठात घोळलेले बेडूक

ट्रेव्हर ऑटवेलने बावीस वर्षांत एकही फौज पुरती रंगवली नव्हती, आणि हे बीस्टनच्या, खेळण्यातल्या शिपायांच्या लढाया लावणाऱ्या क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. अंगठ्याएवढे शिपाई डब्यातून काढायचे, हातपाय चिकटवायचे, करडं अस्तर मारायचं आणि मग पहिल्याच शिपायाच्या डाव्या बुटाच्या नाडीवर तीन आठवडे घालवायचे, ही त्याची रीत. तोवर बाजारात नवा डबा आलेला असे.

तरी दर शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये तो आपली करडी फौज मांडून म्हाताऱ्या नेव्हिलशी फासे टाकून खुशाल लढायचा. कुणाचं काही म्हणणं नव्हतं. मग मॅल्कम ग्रिबल अध्यक्ष झाला. मॅल्कमने जन्मभर लोकांच्या गाड्यांना पार्किंगच्या दंडाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि निवृत्तीनंतर त्याचे हात शिवशिवत होते. पहिल्याच सभेत त्याने नियम काढला: निदान तीन रंग लावलेले नसतील, तर शिपाई टेबलावर चढणार नाही.

"हे कुणा एकासाठी नाही हं," तो ट्रेव्हरकडे बघत म्हणाला.

तेव्हापासून ट्रेव्हर हात मागे बांधून दुसऱ्यांचे फासे बघत उभा राहायचा. नेव्हिल इतरांशी खेळायचा आणि चोरट्यासारखा त्याच्याकडे पाहायचा. शेवटी एकदा त्याने ट्रेव्हरला कोपऱ्यात गाठलं.

"फौज राहू दे, टोळीचा खेळ खेळू. नऊच जण लागतात रे टोळीला. नऊ रंगव. ही क्लबातली पोरं मला हरवतात आणि वर माझा कोट धरून मला खुर्चीत बसवतात. तू निदान हरवताना शिव्या तरी देतोस."

या वेळी मात्र ट्रेव्हरने मनावर घेतलं. दलदलीतल्या बेडूकतोंड्या लुटारूंची टोळी त्याने निवडली आणि अकरा महिने भिंगाखाली मान घातली. चामखिळी मोजून रंगवल्या. सरदाराचे सोनेरी डोळे चौदा वेळा पुसले, कारण तेरा वेळा तो तिरळा झाला होता. ब्रशला टोक यावं म्हणून ओठांत धरून धरून त्याची जीभ कायमची हिरवी झाली. एकदा तर ब्रश धुतलेलं पाणी पिऊन त्याने बायकोला, ग्लेनिसला, चहा पांचट झाल्याचं सांगितलं. पण नऊच्या नऊ झाले. अशी सुंदर गोष्ट आपल्या हातून झाली यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना.

राहिलं होतं फक्त रंग टिकवणारं फवाऱ्याचं वार्निश. दमट हवेत मारू नये, असं डब्यावर ठळक लिहिलेलं होतं. हे पाळायचं तर इंग्लंडात वर्षातून एकदा, जुलैतल्या एका मंगळवारी, वार्निश मारता आलं असतं. नेव्हिलशी लढायचं ठरलेल्या शनिवारी सकाळी पाऊस नव्हता, पण हवा पिळली असती तर बादली भरली असती. ट्रेव्हरने बागेतल्या शेडचं दार उघडं टाकलं आणि मारला फवारा.

दहा मिनिटांत सगळ्या टोळीवर बुरशीसारखा पांढरा थर चढला. चामखिळी गेल्या, डोळे गेले, अकरा महिने गेले.

ग्लेनिसने येऊन पाहिलं. "पिठात घोळलेस होय? आता तळायचे का?" मग तिला नवऱ्याचा चेहरा दिसला. "बरं, खाली तीन रंग आहेत ना?"

"एकोणीस आहेत."

"ते दिसले पाहिजेत असं त्या मॅल्कमने लिहिलंय का? नाही ना? मग घाल कोट आणि नीघ. नेव्हिल वाट बघत असेल."

हॉलमध्ये मॅल्कमने भिंग काढलं. ट्रेव्हरचा जीव टांगणीला लागला. मॅल्कम वाकला, पुन्हा वाकला आणि देवळात बोलावं तसं हळू म्हणाला, "ट्रेव्हर, हे दहिवर... कसं जमवलंस?"

"चुकून."

मॅल्कम गहिवरला. त्या मुलखात आपल्या चांगल्या कामाला आपणच छान म्हणणं हे नाक शिंकरण्याइतकं वाईट. 'ठीकठाक आहे' म्हणणारा सुसंस्कृत, आणि 'चुकून झालं' म्हणणारा तर साक्षात संत.

"अरे, खरंच बिघडलंय," ट्रेव्हर म्हणाला. "दमट हवेत वार्निश मारलं."

"ऐकलंत? दमट हवा!" मॅल्कम ओरडला. "लोक हवेला घाबरतात, यानं हवेला कामाला लावलं!" दोघातिघांनी ते वहीत टिपून घेतलं.

असू दे, ट्रेव्हरला वाटलं. टेबलावर तर चढू देताहेत! पलीकडे नेव्हिलने फौज मांडली होती आणि फासे मुठीत खुळखुळवत होता. ट्रेव्हरने सरदार उचलला, तोच मॅल्कमने त्याचं मनगट धरलं.

"हात नको लावूस! यंदाचं रंगकामाचं पहिलं बक्षीस हेच. आणि समितीने परवाच ठराव केलाय, विजेती टोळी वर्षभर दाराजवळच्या काचेच्या कपाटात राहील. कुलपात."

"नको! मला खेळायचंय."

"बघा, किती साधा माणूस."

"अरे, जवळून बघा, डोळेच दिसत नाहीत त्यांचे!"

टाळ्या पडल्या.

"कचरा आहे तो! निव्वळ कचरा!" ट्रेव्हरचा आवाज चिरकला, आणि सगळा हॉल उठून उभा राहिला. मागच्या एका बाईने डोळे टिपले. मॅल्कमने नऊ बेडूक एकेक करून कपाटात ठेवले, किल्ली फिरवली आणि खिशात टाकली.

ट्रेव्हर नेव्हिलच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. फासे अजून नेव्हिलच्या मुठीतच होते.

"दुसरी टोळी आहे का?" नेव्हिलने विचारलं.

"आहेत की."

"रंगवलेली?"

"अकरा महिने दे. फार तर वर्ष."

"मी एक्क्याऐंशीचा आहे रे," नेव्हिल म्हणाला, आणि मांडलेले शिपाई एकेक करून डब्यात ठेवू लागला.