आईचा डावा गाल

"झालं की हे," झूराचा थोरला भाऊ कुबात म्हणाला. "दे आता पाठवून दगडवाल्याकडे."

 कॉम्प्युटरच्या पडद्यावर दोघांच्या आईचा चेहरा होता आणि झूरा त्याच्याकडे परक्या बाईकडे बघावं तशी बघत होती.

आमच्या कोचकोर गावच्या बाजारात झूराचं फोटोचं दुकान आहे. शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून मी दुपारचा चहा तिथेच पितो. लग्नाचे, पासपोर्टचे फोटो असतातच, पण तिचं मुख्य काम कबरीच्या दगडांचं. दगडावर कोरायला चेहरा लागतो, आणि गेलेल्या माणसाचा धड फोटो घरात नसतो. कुणी मेंढ्यांत उभा, कुणी अर्धा ट्रॅक्टरखाली. मग झूरा त्याला कोट चढवते. तो कोट माझा. "अगाय, जरा उभे राहा," असं म्हणून तिने तो एकदा माझ्या अंगावरच कॅमेऱ्यात टिपून ठेवला होता. शाळेतल्या माणसाला इथे अगाय, म्हणजे मास्तर म्हणतात; नाही म्हणता आलं नाही. आज आमच्या कबरस्तानात अर्धा गाव माझा कोट घालून उभा आहे.

आता पाळी तिच्या आईची होती. म्हातारीला जाऊन वर्ष होत आलं होतं; वर्षाचं जेवण जवळ आलेलं, त्याआधी दगड उभा व्हायला हवा. म्हातारीचा पासपोर्टचा फोटो होता, पण तो झटका येऊन तोंड वाकडं झाल्यानंतरचा. "दगडावर ते तोंड नको," हे तिने स्वतः झूराला बजावलं होतं. दुसरा फोटो एकच, उन्हाळी कुरणावरचा. त्यात डाव्या कडेवर दोन वर्षांची झूरा, आणि तिच्या डोक्याआड आईचा डावा गाल.

झूराने कॉम्प्युटरवर फोटोला मास्क, म्हणजे झाकायचा थर, चढवला होता. त्यावर काळा कुंचला फिरवला की खालचं झाकतं, पांढरा फिरवला की पुन्हा दिसतं. तिने काळ्या कुंचल्याने लहानग्या झूराला हळूहळू नाहीसं केलं. मग क्लोनच्या कुंचल्याने शेजारचं गवत उचलून मोकळ्या जागी पसरलं, ओढणीचं कापड ओढणीवर. गाल मात्र शेजारून उचलता येत नाही. म्हणून तिने उजवा गाल उलटा करून डावीकडे बसवला होता.

"बायके, ही आई नाही," ती म्हणाली. थोरल्या भावाला ती बायके म्हणते. "आई डावीकडूनच हसायची. ही तहसीलातली बाई वाटते, अर्ज परत करणारी."

"दगडावर हसतं का कुणी? मखमलीचा अंगरखा चढव, मोत्यांचे डूल घाल, लोक म्हणतील काय थाटाची बाई होती."

"कपडा उसना चालतो. तोंड नाही."

"शुक्रवारी दगडवाला दुसऱ्याचं काम धरेल. मग वर्षाच्या जेवणाला काय उभं करायचं, तुझा कॉम्प्युटर?"

"शुक्रवारी सकाळी मिळेल तुला."

"हट्टी आहेस. अगदी तिच्यासारखी," असं पुटपुटत कुबात निघून गेला.

त्यावर झूरा हसली. फार नाही, ओठाचा डावा कोपरा तेवढा वर गेला. मी पेला खाली ठेवला. सांगावं की नाही, ठरेना. 

"झूरा, तुझा डावा गाल," मी म्हणालो, आणि भिंतीवरच्या आरशाकडे बोट केलं.

तिने आरशात पाहिलं. मग फोटोकडे. मग कॅमेरा माझ्या हातात देऊन ती स्टूल घेऊन अंगणात गेली. जुन्या फोटोत ऊन जिकडून पडलं होतं तिकडूनच तोंडावर येईल असं वळून बसली.

"मला नाही जमायचं," मी म्हणालो.

"जमवा. आणि मला हसवा. सांगितल्यावर हसू येत नाही."

इतक्या वर्षांत मी तिच्याकडे कधी असं सरळ बघितलं नव्हतं. 

"माझी वेळ येईल तेव्हा," मी विचारलं, "माझ्यासाठी तो कोट उरेल ना?"

ती हसली. मी बटण दाबलं.

पुढचे तीन दिवस तिने गिऱ्हाइकं परत पाठवली. तिचा गाल आईच्या चेहऱ्यावर ठेवून, कडेने मऊ कुंचला फिरवत, थोडं झाकत, थोडं उघडत राहिली. सुरकुती जास्त वाटली की झाके, चेहरा गुळगुळीत झाला की तीच सुरकुती परत आणे.

"उसना नाही घेतला," एकदा ती मान वर न करता म्हणाली. "तिनेच दिलेला आहे."

शुक्रवारी सकाळी कुबात आला. चित्राकडे बघत उभा राहिला आणि टोपी काढून हातात धरली.

वर्षाच्या जेवणाआधी सगळे दगडापाशी जमलो. शेजारच्या उलकान आजीने कोरलेल्या गालावरून बोट फिरवलं. "अशीच हसायची मेली, माझी फजिती झाली की," ती म्हणाली.

मौलवींची दुआ संपली. आमीन म्हणून सगळ्यांनी तळवे तोंडावरून खाली उतरवले. झूराचा उजवा हात खाली आला. डावा गालावरच राहिला.