ओळीने येणारे शब्द

काकूंचा संशय मला पहिल्याच आठवड्यात आला. काका शिंपी होते. अर्धांगाचा झटका आला, हात वाचला आणि वाचा गेली. ते ज्या दवाखान्यात उपचाराला येत, तिथे मी वाचा-उपचारातली मदतनीस व्हायला शिकत होते. मी चित्रांची कार्डं दाखवायची, काकांनी नावं सांगायची. कप, चावी, कंगवा, चमचा. अडखळत का होईना, सगळं बरोबर. आणि हाच माणूस चष्मा हवा असला तर नुसता हात हलवायचा. कुठेतरी पाणी मुरत होतं.

काकू मागून ओठ हलवत असणार, म्हणून मी त्यांना दाराबाहेर बसवलं. तरी उत्तरं बरोबर. मग कपाटाच्या काचेवर कागद चिकटवला, न जाणो तिच्यात काकांना काकूंचे ओठ दिसत असतील. तरी बरोबरच! महिनाअखेरीला थेरपिस्ट मॅडम स्वतः बघणार होत्या. सुधारणा नसेल तर काकांची वेळ दुसऱ्या पेशंटला जायची. माझ्या डोळ्यांत कुणी धूळ फेकतंय या विचाराने मी नुसती धुमसत होते.

शेवटी मी कार्डं पत्त्यांसारखी पिसली. कंगवा दाखवला.

"कप," काका म्हणाले.

चमचा दाखवला. "चावी." चेहरा मात्र शाबासकी मिळाल्यासारखा खुललेला.

कार्डांच्या पाठीवर आकडे असतात. काम झालं की ती आकड्यांप्रमाणे लावून ठेवायची, असं आम्हाला शिकवलेलं. मी इमानेइतबारे लावत होते आणि काकूंनी पहिल्या एक-दोन दिवसांतच मागे बसून ती ओळ ऐकून ठेवली होती.

"घरी पाठ करून घेतलंत?" मी विचारलं.

"मग काय करू? वेळ काढून घेतली तर कुठे नेऊ यांना? मॅडमना सांगू नकोस गं."

"काकू, ही फसवणूक आहे!"

"कुणाची? सकाळी उठले की म्हणत बसतात, मी चहा करता करता ऐकते. तेवढाच आवाज उरलाय घरात."

मला फार वाईट वाटलं. तरी मी मॅडमना सांगितलं.

मॅडम रागावल्या नाहीत. "पाठ झालं म्हणजे शिकता येतंय त्यांना. वेळ चालू ठेवू," त्या म्हणाल्या. "पण घरी ती ओळ आता बंद. ती सुटल्याशिवाय एकेक शब्द हाताला लागायचा नाही."

मला हायसं वाटलं. काकूंनी मान डोलावली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या खेपेला मी कंगवा समोर धरला. काकांनी तो बराच वेळ पाहिला. ओठ हलले, आवाज आला नाही. काकू या वेळी आत, माझ्या शेजारीच बसल्या होत्या. त्यांची नजर कार्डावर नव्हती, माझ्यावर होती.

"घरी आता काहीच बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. "तू नेलंस ते परत कधी देणार, तेवढं सांग."